वायव्येचा कोपरा

"सॅल, तुझं कोण आहे तिथं?" लाइलनं मला विचारलं.

त्यानं ते चिडून विचारलं नव्हतं. चर्चच्या तळघरात घडीच्या खुर्च्या मांडून तीसेक माणसं बसली होती, कॉफीचं मोठं भांडं कोपऱ्यात गुरगुरत होतं, आणि मी मागच्या रांगेत उभा राहून बोलायला तोंड उघडलं होतं. लाइल बॅक्स्टर गावच्या दफनभूमीच्या कमिटीचा अध्यक्ष. त्याला नियम आठवला म्हणून त्यानं विचारलं, एवढंच.

"माझं कुणी नाही," मी म्हणालो.

"मग तुला बोलता येणार नाही. वाईट वाटून घेऊ नको. ज्याचं माणूस त्या मातीत आहे त्यालाच बोलायचा हक्क आणि त्यालाच मत. माझ्या आजोबांच्या आधीपासून असंच चालत आलंय."

मी खाली बसलो. पुढची दोन-तीन डोकी मागं वळली आणि लगेच सरळ झाली. माझ्या बायकोला, शालनला, जाऊन तेव्हा तीन महिने होत आले होते. गावात माझ्याकडं कुणी फार वेळ बघत नव्हतं.

माझं नाव मारुती साळोखे. कोल्हापूरकडच्या एका साखर कारखान्यात मी पॅनमन होतो, म्हणजे रस आटवून त्यातून साखरेचा दाणा बांधणारा. इकडच्या एका कारखान्याला अशा माणसाची गरज होती, म्हणून आलो आणि नेब्रास्काच्या पश्चिम टोकाला हॅडली नावाच्या चारशे वस्तीच्या गावात कायमचा राहिलो. इथं उसाच्या जागी बीट. बाकी सगळं तेच. तोच हंगाम, त्याच ट्रकांच्या रांगा, तोच मळीचा वास, आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, गावावर येणारी तीच सुस्ती. साळोखे कुणाच्या जिभेला वळेना, म्हणून सॅल.

त्या संध्याकाळी ठराव वाचला गेला तो रस्त्याचा होता. गावाबाहेर दफनभूमीच्या वायव्य कोपऱ्याशी काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, रस्ता एकदम काटकोनात वळतो. बीट भरलेल्या ट्रकला ते वळण पुरत नाही. आदल्या हंगामात लाइलचा जावई तिथंच ट्रकसकट उलटला आणि त्याचा एक पाय गुडघ्यापासून गेला. काउंटीचं म्हणणं, कोपऱ्याची थोडी जमीन द्या, आम्ही वळण रुंद करतो. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला लाइलचं शेत. त्या शेताच्या कोपऱ्यात त्याच्या बापानं खोदलेली विहीर आणि पंप होता. साऱ्या शेताचं पाणी त्या एका पंपावर. म्हणून सगळ्यांची नजर दफनभूमीकडं. ठरावात शब्द होते, "वायव्य कोपऱ्यातली मोकळी जागा."

ती मोकळी नाही, एवढंच मला सांगायचं होतं. माझ्या आधी व्हर्ना हेच सांगून बसली होती. व्हर्ना ओल्सन माझी शेजारीण, तेव्हा नव्वदीला टेकलेली. लोकांनी तिचं ऐकून घेतलं, मान हलवली आणि पुढचा विषय घेतला. मत मात्र त्या दिवशी व्हायचं नव्हतं. मत मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, थडग्यांवर फुलं वाहायच्या दिवशी. जुनी माणसं त्याला डेकोरेशन डे म्हणतात. गावाची रीत अशी की फुलं वाहून झाली की प्रत्येक घरानं आपापल्या माणसाच्या थडग्यापाशी उभं राहायचं. अध्यक्ष फिरत फिरत प्रत्येकापुढं जातो, ठराव पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो आणि हो की नाही विचारतो. आपल्या मेलेल्या माणसासमोर जे बोलायला लाज वाटेल ते कुणी बोलू नये, हा त्यातला विचार. वेळ फार जातो, पण कुणी कुरकुर करत नाही.

घरी जाताना व्हर्ना माझ्या गाडीत होती. ती म्हणाली, तिला लोक वेडी समजायला लागलेत. मी म्हणालो, तसं नाही. ती म्हणाली, "तसंच आहे. आणि थोडं खरंही आहे. पण ती पोरं मी पाहिलीत."

त्या कोपऱ्याशी आमचा संबंध आला तो कावळ्यांमुळं. इथल्या पहिल्याच वर्षी सर्वपित्री अमावास्येला शालननं पान वाढून परसात ठेवलं. कावळा शिवल्याशिवाय आम्ही जेवत नाही. दुपार टळली, कावळ्याचा पत्ता नाही. मी भुकेनं चिडलो होतो आणि शालन माझ्यापेक्षा जास्त चिडली होती. कुंपणापलीकडून व्हर्ना बघत होती. तिनं खुणेनं विचारलं, काय चाललंय. शालनला तेव्हा इंग्रजी येत नव्हतं. तिनं दोन्ही हात पंखासारखे हलवले आणि काव काव केलं. व्हर्ना म्हणाली, कावळे हवे असतील तर इथं का बसलात, इथं माझी मांजरं आहेत, कावळे दफनभूमीच्या कोपऱ्यातल्या मोठ्या झाडावर असतात. तिनंच तिच्या पिकअपमधून नेलं. शालन मांडीवर पान धरून बसली होती. खाली ठेवून ती चार पावलं मागं सरते न सरते तोच कावळ्यानं वडा उचलला. व्हर्नानं टाळ्या वाजवल्या.

मग दर वर्षी तेच. पुढं शालनला बोलता यायला लागल्यावर व्हर्नानं तिला सांगितलं की त्या झाडाखाली कोण आहे. व्हर्ना लहान असताना रुळाच्या कडेला बीट खणायला आलेल्या मजुरांच्या झोपड्या असत. एका हिवाळ्यात घटसर्प आला आणि त्यांची पोरं गेली. जमीन गोठलेली. गवत जाळून माती मऊ केली आणि मग खणली. व्हर्नाचा बाप खणायला होता. प्रत्येकाच्या उशाशी नदीतला एकेक धोंडा ठेवला. वसंतात ती माणसं दुसऱ्या कामावर निघून गेली ती परत आली नाहीत. पुढं कितीतरी वर्षांनी डेकोरेशन डेच्या आधी साफसफाई करताना गवत कापायच्या यंत्राची पाती त्या धोंड्यांवर तुटली. तेव्हा कुणीतरी ते सगळे उचलून झेंड्याच्या खांबाभोवती गोल लावले आणि त्यांना चुना फासला. छान दिसतं म्हणून सगळ्यांनी वाखाणलं. आजही शाळेतली मुलं दर मे महिन्यात ते धोंडे पांढरे करतात.

हे ऐकून शालन दोन दिवस नीट बोलली नाही. मग म्हणाली, "इतकी वर्षं ती पोरं बघत बसली असतील, आणि आपण आपल्याच माणसांचं वाढत होतो." त्या वर्षापासून पानं दोन झाली. दुसरं पान बिनतिखटाचं.

सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी लाइलकडं गेलो. तो पंपाशीच होता, हात ग्रीसनं काळे. मी त्याला सगळं सांगितलं, झोपड्यांचं, घटसर्पाचं, धोंड्यांचं. त्यानं ऐकून घेतलं. लाइल वाईट माणूस नव्हे. शालन गेली तेव्हा आमच्या दारातला बर्फ रोज पहाटे कोण काढून जातं ते मला आठवड्यानं कळलं होतं.

"व्हर्ना परवा मला माझ्या वडिलांच्या नावानं हाक मारत होती," तो म्हणाला. "आणि धोंडे म्हणशील तर नदी धोंड्यांनी भरलीय."

"ती खोटं बोलत नाही."

"खोटं कोण म्हणतंय? पण माझी मुलगी रोज सकाळी नवऱ्याला बूट घालते, सॅल. एकच बूट. पुढच्या हंगामात त्या वळणावर आणखी कुणी मरेल. त्याच्या बायकोला मी काय सांगू? इथं कदाचित कुणी असेल म्हणून?" त्यानं चिंधीनं हात पुसले. "मला एक नाव दे. एकच. त्या कोपऱ्यात अमुक नावाचं माणूस आहे असं दाखव, मी ठराव फाडतो आणि हा पंप स्वतः हलवतो. नाव नसेल तर ती मोकळी जागा आहे."

मी व्हर्नाला जाऊन विचारलं. तिनं डोळे मिटून बराच वेळ आठवून पाहिलं. एका मुलीचे केस लाल फडक्यानं बांधलेले असत, एक मुलगा तिच्याकडं अंडी मागायला यायचा. नाव एकाचंही तिला येईना. त्यांना नावं विचारायची रीतच नव्हती, ती म्हणाली, आणि उठून आत गेली.

मग मी ऑर्व्हिलला धरलं. ऑर्व्हिल दफनभूमी राखायचा, खड्डे खणायचा, जागा विकायचाही तोच. त्याच्याकडं आडवी मूठ लावलेली छातीइतकी उंच लोखंडी सळई होती. नवा खड्डा खणण्याआधी तो ती जमिनीत दाबून बघे. माती एकदा खणली गेली की शंभर वर्षांनीही तिचा घट्टपणा परत येत नाही. न खणलेल्या जागी सळई हातभर जाऊन अडते. खणलेल्या जागी ती लोण्यात सुरी जावी तशी जाते. मी त्याला म्हणालो, कोपऱ्यात एकदा दाबून बघ. तो म्हणाला, लाइलला आवडणार नाही. मी म्हणालो, लाइलला सांगूनच आलोय, जे दाखवायचं ते दाखव म्हणालाय.

आम्ही झाडाच्या बुंध्यापासून सुरुवात केली. पहिल्या ठिकाणी सळई अडली. दुसऱ्या ठिकाणी अडली. तिसऱ्या ठिकाणी ऑर्व्हिलनं सवयीनं अंगाचा भार टाकला आणि सळई सरळ मुठीपर्यंत आत गेली. त्याचा तोल जाता जाता राहिला. त्यानं सळई काढली, एक वीत बाजूला दाबली, पुन्हा एक वीत. थोड्या वेळानं त्यानं टाचेनं गवतावर चौकोन ओढला. लहान होता. असे सात निघाले, एका ओळीत, सगळे पूर्व-पश्चिम.

"आता तर झालं ना?" मी म्हणालो.

"काय झालं? इथं कधीतरी कुणीतरी खणलं, एवढंच ही सळई सांगते. बिज्जूसारखं बिळं करणारं जनावरही खणतं. झाडाची मुळं कुजली तरी माती अशीच होते." तो गवतावर बसला. "मला विचारशील तर ही पोरं आहेत. बिज्जू ओळीत खणत नाही. पण लाइलला नाव हवंय, आणि सळईला नावं कळत नाहीत."

मी ओळीकडं बघत उभा राहिलो. पाचवा आणि सहावा चौकोन यांच्यामध्ये जागा सुटली होती. एखाद्यानं ओळीत कुणा दोघांसाठी तरी धरून ठेवावी तेवढी. मी ऑर्व्हिलला म्हणालो, इथं दाब. त्यानं बसल्या बसल्या सळई दाबली. ती अडली. त्यानं तीन-चारदा दाबली. ती अडतच राहिली.

"इथं कधी कुणी हात लावलेला नाही," तो म्हणाला.

"मग यातली सहाव्याकडची जागा मला विकत दे."

तो हसला. "तू काय मरायला टेकलायस?"

"मला नको. शालनला."

ऑर्व्हिलनं सळई आडवी गवतावर ठेवली. तो शालनच्या हातचं लोणचं खाणारा माणूस. तो म्हणाला, कोपऱ्यातली जागा विकू नको असं त्याला आजवर कुणी सांगितलेलं नाही. सोमवारपर्यंत कुणी सांगितलं तर गोष्ट वेगळी. म्हणून काय करायचं ते सोमवारच्या आत कर.

शालनला आम्ही जाळलं होतं. जिल्ह्याच्या गावात विजेची भट्टी आहे तिथं. तिची रक्षा माझ्या कपाटात होती आणि ऑगस्टची तिकिटं काढलेली होती. कोल्हापूरजवळच्या प्रयागच्या संगमावर, पंचगंगेला, रक्षा सोडायची ठरली होती. तिचा थोरला भाऊ आबा तिकडं भटजी ठरवून वाट बघत होता. मुलगी वैजू सिॲटलला असते. तीही येणार होती, दोन्ही मुलांना घेऊन.

संध्याकाळी मी वैजूला फोन केला आणि सरळ सांगितलं. आमच्या घरात मुलगी मला आण्णा म्हणते आणि अहो-जाहो करते, पण त्या दिवशी तिचा आवाज तिच्या आईसारखा झाला.

"आण्णा, तुम्ही ऐकताय का स्वतःचं बोलणं? आई तिथं राहीन असं कधी म्हणाली होती?"

"नाही म्हणाली."

"संगमावर सोडा म्हणाली होती?"

"तेही नाही. तिला बोलायला वेळ कुठं मिळाला."

"मग तुम्ही तिला रस्त्यात धोंडा म्हणून घालताय. कुणाच्या तरी मोटारी अडवायला. ती माझी आई आहे, आण्णा."

मी म्हणालो, ठीक आहे. ती म्हणाली, ठीक आहे म्हणजे काय. मी म्हणालो, तू म्हणतेस ते खरं आहे, तरी मी करणार आहे. ती रडायला लागली. मी फोन कानाला धरून उभा राहिलो. शेवटी ती म्हणाली, थोडी तरी नदीला ठेवा. मी ते कबूल केलं.

आबाला फोन केला तो त्याहून वाईट. तो ओरडला नाही. त्यानं विचारलं, "म्हणजे माझी बहीण तुम्ही परक्या मुलखात मातीत घालणार?" मी हो म्हणालो. तो म्हणाला, बरं पाव्हणं, आणि फोन ठेवला. ऑगस्टमध्ये मी आणि वैजू गेलो, मूठभर रक्षा संगमावर सोडली, तेव्हा तो काठावर आला, पाण्यात उतरला, सगळं यथासांग केलं आणि माझ्याकडं पाठ करून घरी गेला. पुढं तो वारला तोवर आमचं बोलणं नव्हतं. हे मला तेव्हा माहीत असतं तरी मी तेच केलं असतं. पण फुकटात झालं असं कुणी समजू नये म्हणून सांगतो.

गुरुवारी सकाळी मी ऑर्व्हिलकडं गेलो. रक्षेसाठी लहान खड्डा पुरतो. तो म्हणाला, यंत्र आणतो, दोन मिनिटांचं काम आहे. मी म्हणालो, फावडं दे.

वरची गवताची ढलपी त्यानं मला नीट कापून दाखवली, सतरंजीसारखी गुंडाळून बाजूला ठेवली. खालची माती पहिल्यांदा काळी होती, मग पिवळट आणि चिवट. तीन फूट खोल हवं असा नियम. मी तेव्हा पासष्टीच्या पुढं गेलो होतो आणि कारखाना सुटल्यापासून हातात फावडं धरलं नव्हतं. मधेच ऑर्व्हिल पुढं आला. मी नको म्हणून मान हलवली, तर तो गाडीत जाऊन बसला आणि त्यानं तोंड दुसरीकडं केलं. डाव्या बाजूची माती फावड्याला घट्ट लागत होती. उजव्या बाजूला, जिकडं सहावा चौकोन होता, तिकडं ती आपोआप सुटून आत येत होती. मी त्या बाजूला फावडं हळू चालवायला लागलो. कुणी झोपलेलं असलं की आपण खोलीत पावलं जशी टाकतो तसं.

रक्षा मी तिच्या माहेरच्या पितळी डब्यात भरून आणली होती. डबा आत ठेवायला मला खड्ड्याच्या कडेला पालथं झोपावं लागलं. हात खाली पोचवून मी डबा टेकवला आणि मग माझा हात डब्यावरून निघेना. किती वेळ तसा होतो ते ऑर्व्हिलला माहीत असेल. तो हाक मारायला आला नाही.

माती लोटून झाल्यावर त्यानं गवत परत बसवलं. दगड करायला वेळ लागणार होता, म्हणून लोखंडी काठीवरची तात्पुरती पाटी ठोकली. त्यावर शालनचं नाव, जन्माचं साल, मरणाचं साल.

सोमवारी ऊन चांगलं होतं. सगळं गाव आलं होतं. कॉफीच्या रिकाम्या डब्यांतून पिओनीची मोठाली गुलाबी फुलं, ठिकठिकाणी लहान झेंडे, गाड्यांच्या मागच्या फळीवर झाकून ठेवलेली जेवणं. फुलं वाहून झाली तशी माणसं आपापल्या थडग्यांपाशी जाऊन उभी राहिली. मीही शालनपाशी गेलो. कोपरा उतारावर आहे आणि मधे मोठं झाड. तिकडं कुणाचं लक्ष गेलं नाही.

लाइल पूर्वेकडून सुरू झाला. टोपी काखेत, कागद हातात. प्रत्येकापुढं थांबून तोच ठराव, त्याच आवाजात. अर्ध्या आवारातून मला उत्तरं ऐकू येत होती. हो. हो. हो. व्हर्ना नवऱ्याच्या दगडाला धरून उभी होती. ती "नाही" म्हणाली ती मात्र रस्त्यापर्यंत ऐकू गेली. काहीजण हसले. मग पुन्हा हो. लाइलचा जावई कुबड्यांवर उभा होता. त्याच्याशी लाइल क्षणभर जास्त थांबला.

सगळी थडगी झाली. लाइल कागदाची घडी करत माघारी वळला आणि ऑर्व्हिल त्याला म्हणाला, "एक राहिलंय."

"कुठं?"

ऑर्व्हिलनं हनुवटीनं कोपरा दाखवला.

लाइल उतार उतरून आला. त्याला मी दिसलो, मग पाटी दिसली, मग गवताची ताजी शिवण आणि बाजूचे ऑर्व्हिलनं टाचेनं ओढलेले चौकोन. तो माझ्यापुढं तीन पावलांवर थांबला. रीतीनं त्यानं आधी विचारलं, कुणाच्या वतीनं.

"शालन साळोखे," मी म्हणालो.

त्यानं कागद उघडला. त्याला ठराव पाठ झाला होता, तरी तो कागदावरूनच वाचायला लागला. "काउंटीच्या विनंतीवरून, दफनभूमीच्या वायव्य कोपऱ्यातली..." आणि तिथं तो थांबला. पुढचा शब्द त्याच्या तोंडातून येईना. त्यानं पाटीकडं पाहिलं. पुन्हा कागदाकडं पाहिलं. मला बोलायचा हक्क होता आता, पण बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मग त्यानं कागद मधोमध फाडला, दोन्ही तुकडे खिशात घातले आणि वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ठराव मागं घेतलाय. वळण माझ्या बाजूनं होईल. जेवायला चला."

माणसं हळूहळू गाड्यांकडं गेली. पुढं त्याच उन्हाळ्यात लाइलनं पंप हलवला आणि नवी विहीर पाडली. बापाच्या विहिरीत मुरूम भरताना तो स्वतः कडेला उभा होता. बर्फ पडायच्या आत वळण रुंद झालं.

पण त्या दुपारी तो जेवायला गेला नाही. सगळे वर गेल्यावर तो तिथंच उभा राहिला. मला वाटलं, आता शिव्या देणार. त्यानं टोपी हातात फिरवली.

"तू हे मुद्दाम केलंस."

"हो."

"मी नाव दे म्हणालो म्हणून."

"हो."

"एक विचारतो. खरं सांग." तो पाटीकडं बघत होता, माझ्याकडं नाही. "तिला इथं ठेवायचं होतं, की रस्ता अडवायचा होता?"

वैजूलाही याचंच उत्तर हवं होतं आणि मला देता आलं नव्हतं. इंग्रजीत मला नेहमीच थोडा वेळ लागतो.

"जागा मागितली तेव्हा रस्ता अडवायचा होता," मी म्हणालो. "खणायला लागलो तेव्हा नाही."

लाइलनं मान हलवली. मग पुढं येऊन त्यानं शालनच्या उजव्या बाजूला, सहाव्या चौकोनाच्या कडेवर पडणारा आपला पाय उचलून मागं घेतला.

"डाव्या बाजूची रिकामी जागा तुझ्यासाठी लगेच विकत घेऊन ठेव," तो म्हणाला. "ऑर्व्हिल म्हातारा झालाय. दुसऱ्या कुणाला देऊन बसेल."